आबांची अँबॅसिडर, तात्यांची पद्मिनी

पुण्यात यष्टीत बसवतानाच बायकोने बजावले, "दोघांपैकी एक जरी रुसला, तर तुम्हीच निस्तरा!"

मला दोन साडू. पिंपळीचे आबा आणि वरकुट्याचे तात्या. आबांकडे जुनी अँबॅसिडर, तात्यांकडे तितकीच म्हातारी पद्मिनी. आमच्या सायलीची पाठवणी कोणत्या गाडीतून करायची, हे मी ठरवायचे होते. ज्याची गाडी नाकारली जाईल तो लग्नाला येणार नाही, असे दोघांनीही आधीच कळवून टाकले होते. सायलीला दोन्ही काका मांडवात हवे होते, आणि मला गाड्यांतले ओ की ठो कळत नाही!

पिंपळीत उतरलो. आबांची गाडी शेडमध्ये, दोन चादरींखाली. चादरी काढल्या तर आरशासारखी लखलखीत.

"रोज पुसतो," आबा म्हणाले.

"आणि चालवता कधी?"

"दसऱ्याला. भाईर काढायची, पूजा करायची, परत आत."

याला म्हणायचे देखभाल!

तात्यांची गाडी बघायला आम्ही आबांच्या गाडीतून वरकुट्याला निघणार, तोच मंडळी जमली. आपल्याकडे माणूस तालुका ओलांडायला निघाला की सत्कार होतो. इथे गाडीचा झाला. नारळ फुटला, दोन भाषणे झाली. पुढच्या जाळीवर मनगटाएवढा झेंडूचा हार आणि त्याखाली घट्ट बांधलेली शाल. मी आबांना भीतभीत म्हणालो, "शाल आत ठेवू या का?"

"सत्काराची शाल लगीच काढत नसत्यात, पावणं. मंडळी काय म्हंतील?"

आत मात्र दिवाणखान्यातल्यासारखे ऐसपैस. खिडकीतून ऊस, मग आणखी ऊस. निम्मी वाट सरली आणि बॉनेटमधून भसाभस वाफ! गाडीत अत्तर होते, गुलाबपाणी होते. साध्या पाण्याचा थेंब नव्हता.

शेवटी मीच तात्यांना फोन लावला. आबा तोंड फिरवून बसले.

पद्मिनी आली. मागे कडब्याच्या पेंढ्या, दाराला कासरा (बैलाचा दोर) बांधलेला, रंग देव जाणे. पण इंजिन काय गोड चालत होते! तात्यांनी जाळीकडे बघून कपाळावर हात मारला.

"आबा, भर उन्हात शाल पांघरून पळवताय व्हय हिला? वारं कुठनं लागंल?"

आता जुंपणार, या भीतीने मी डोळे मिटले. पण आबा खाली मान घालून म्हणाले, "तुझीच गाडी ने, तात्या. पोरीला वाटंत उभं न्हाय करायचं मला."

तात्यांनी शाल सोडली, झटकली, घडी करून आबांच्या हातात दिली. इंजिन निवल्यावर पाणी ओतले.

"कासऱ्याच्या दारातनं पोरगी सासरी उतरंल व्हय? तुमची गाडी पुढं, माजी मागं. पाणी घिऊन येतो."

वरकुट्यात मेहुणीने शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची) वाढली. दोघे साडू एका ताटात जेवले. परतीच्या यष्टीत निकाल लिहायला वही काढली आणि कोरीच मिटली. निकाल लावायला मी कोण?

पाठवणीला दोन्ही गाड्या आल्या. दोघींचे हार डिकीवर बांधलेले. सायली रडता रडता हसली. मला मात्र रडूच आले, कारण मागच्या गाडीत पाण्याचा कॅन घेऊन बसलेल्या तात्यांच्या खांद्यावर आबांनी तीच शाल घातली होती.