प्रार्थना करते, म्हणाले आणि निघाले

सालेकशाजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं चारच. रविवारची भक्ती एका घरी व्हायची आणि प्रार्थना मी चालवायची. माझी प्रार्थना ऐकून लोक रडायचे. त्याचा मला अभिमान होता, हे आज कबूल करते.

शेजारीण बौद्ध. कितीतरी वर्षं आम्ही धानाच्या रोवणीला सोबत गेलो, मोहफुलं सोबत वेचली. तिला सिकलसेल होता. दुखणं उठलं की ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची.

त्या रविवारी तिचा नवरा आणि मुलगी तेंदूपानं तोडायला जंगलात गेले होते. मी बायबल घेऊन निघाले, तर ती ओसरीत खाटेवर पडलेली.

"छातीत लय दुखून राहिलं बाई," ती म्हणाली. "एखादा ऑटो पाहून दे. मले दवाखान्यात ने."

"भक्ती आटोपली की येतेच. तोवर तुझ्यासाठी प्रार्थना करते."

"थोडी बस तरी माझ्यापाशी."

मी बसले नाही. उशाशी पाण्याचा गडवा ठेवला आणि गेले. तिथे तिच्यासाठी इतकी कळवळून प्रार्थना केली, की बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. मग चहा झाला. मी चहालाही थांबले.

परतले तेव्हा तिच्या अंगणात माणसं जमली होती. ती एकटीच उठून रस्त्याकडे निघाली असावी. फाटकाशी पडली होती. गेली होती.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या मुलीला सगळं खरं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मावशी, ऑटो बोलवाले किती वेळ लागला असता?"



त्यानंतर मी भक्ती चालवणं सोडलं. गावात कोणी आजारी पडलं की दवाखान्यात सोबत जाते, खाटेजवळ बसून राहते. लोक चांगलं म्हणतात. ते ऐकवत नाही.

मागच्या वर्षी तीच मुलगी गोंदियाच्या दवाखान्यात भरती झाली. तिलाही तोच आजार. मी डबा घेऊन गेले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बाहेर बाकावर बसले.

संध्याकाळी नर्सनं विचारलं, "आप कौन लगती हो उसकी?"

"पडोसन," मी म्हणाले. भरलेला डबा घेऊन घरी आले. सकाळी पुन्हा भात रांधला आणि पहिली गाडी धरली.