पासवर्ड दादाकडे

आमच्या घरात लिनक्स आला तो दादाच्या हुकमानं. आयटीत नोकऱ्यांचा सुकाळ होता ते दिवस. दादाला हिंजवडीला चांगली नोकरी लागली, लग्न झालं आणि तो बाणेरला राहायला गेला. आई गेल्यानंतर नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये बाबा आणि मी एवढेच उरलो. कॉम्प्युटर दादानंच घेऊन दिला होता. एका रविवारी येऊन त्यानं त्यावरचं विंडोज पुसलं, त्याच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, म्हणजे स्वतःच्या आवडीचा लिनक्स घातला आणि आम्हाला सांगितलं, "आता व्हायरस येणार नाही. फक्त कशाला हात लावू नका."

हात लावायचा म्हटलं तरी लावता येत नव्हता. नवीन काही घालायचं किंवा काही बदलायचं तर मुख्य पासवर्ड लागायचा आणि तो दादाकडे. मी दोनदा मागितला. "तू मराठी शिकवतेस ना? मग मराठी शिकव," असं उत्तर मिळालं.

खरी अडचण बाबांची होती. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर ते विहारात पाली शिकवायला लागले होते आणि वर्गासाठी टिपणं टाइप करायचे. त्या लिनक्सवर देवनागरी धड दिसतच नव्हती. बाबा 'विहार' लिहायचे, पडद्यावर 'वहिार' उमटायचं. 'बुद्धं' मधलं जोडाक्षर सुटून द आणि ध शेजारी शेजारी उभे राहायचे. बाबांना वाटायचं, आपलीच बोटं चुकतात. ते पुसायचे, पुन्हा लिहायचे, पुन्हा तेच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी माणूस सकाळभर एकाच ओळीशी झगडत बसायचा.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "इंग्रजीत लिहायला सांग."

"पाली इंग्रजीत?"

"रोमन लिपीत लिहितात. जगभर लिहितात."

"त्यांच्या वर्गातल्या बायका रोमन वाचत नाहीत."

"मग तो माझा प्रॉब्लेम नाही."

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती आजही पूर्ण उतरलेली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजमध्ये मी फिजिक्सच्या मॅडमना सगळं सांगितलं. लिनक्स एकच नसतो, त्याचे पुष्कळ प्रकार असतात आणि दादाचा त्यातला फक्त एक, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दुसऱ्या एका प्रकाराची सीडी त्यांनी आणून दिली. "आधी नुसती सीडीवरूनच चालवून बघा," त्या म्हणाल्या. "आतल्या कशालाही धक्का लागत नाही. पटलं तरच घाला."

संध्याकाळी सीडी घातली. पडद्यावर वेगळेच रंग आले. मराठी कळफलक निवडून बाबांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी 'विहार' लिहिलं. 'विहार' दिसलं. 'बुद्धं सरणं गच्छामि' लिहिलं आणि ते एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे माझं चुकत नव्हतं."

तिथेच ठरलं. सीडीवरून आतल्या फाइल्स उघडता येतात, दादाचा पासवर्ड लागत नाही, हेही मॅडमनी दाखवलं होतं. बाबांची टिपणं आणि दादाचं जे काही पडलेलं होतं ते, सगळं मी पेनड्राइव्हवर काढून घेतलं आणि जुना लिनक्स पुसून टाकला. पुसताना बरं वाटलं. नवीन पासवर्ड मी ठेवला आणि बाबांना सांगितला.

रविवारी दादा आला. चपला काढून थेट कॉम्प्युटरपाशी गेला.

"हे काय केलंस?"

"बदललं."

"कुणाला विचारून?"

"जे इथे राहतात त्यांना."

त्यानं त्याचा पासवर्ड मारून बघितला, अर्थात चालला नाही. "हे पोरासोरांचं खेळणं आहे," तो म्हणाला. "ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठी. याला लिनक्स म्हणत नाहीत."

"मला वाचता येतंय," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला काय कळतं यातलं?"

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. दादानं माझ्याकडे हात पुढे केला. "पासवर्ड सांग."

"नाही."

"माझं काम होतं यात."

मी पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खिशात टाकला. "बिघडला की मला फोन करायचा नाही," असं म्हणून चहा न घेता निघाला. जिन्यात आवाज घुमेल असं दार आपटलं त्यानं.

आणि बिघडलाच. एका अपडेटनंतर इंटरनेट बंद पडलं, मग प्रिंटर. मला त्या यंत्राचं प्रेम कधीच नव्हतं; आता त्याचा मनापासून तिटकारा आला. मॅडमनाही दर वेळी उपाय माहीत नसायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये बसून उत्तरं शोधायची, छापून घरी आणायची, इंग्रजी आज्ञा अक्षर न अक्षर टाइप करायच्या, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पण दादाला फोन केला नाही. बाबा एकदा हळूच म्हणाले, "विचारून बघ ना त्याला." मी म्हटलं, "तुम्हाला विचारायचं तर विचारा." त्यांनीही विचारलं नाही. शेवटी प्रिंटर चालला.

दादा पुन्हा आला तो थेट बुद्धपौर्णिमेला, वहिनीला घेऊन. स्वतःचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे मान वळवायची नाही, असं ठरवूनच आलेला. खीर झाल्यावर बाबांनी त्यांच्या टिपणांची पुस्तिका त्याच्या हातात दिली. घरीच छापलेली, मी दोऱ्यानं शिवलेली. दादानं दोन पानं उलटली.

"अनुस्वार चुकलाय इथे," तो म्हणाला.

बाबांनी वाकून पाहिलं. "पालीत तसाच असतो."

"असेल," दादा म्हणाला आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

ते गेल्यावर पुस्तिका सोफ्यावर तशीच पडलेली दिसली. "विसरला वाटतं," बाबा म्हणाले. मी ती उचलून कपाटात ठेवली. विसरला नव्हता, हे मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं, बाबांनाही.