वलांडीचा कुत्रा आणि पांढरा ससा

आमच्या घरात कुत्रा आधीचा, ससा मागून आला. मुरुडपासून वर मांडव्यापर्यंत सुक्या मासळीची या कुत्र्यासारखी राखण करणारं दुसरं जनावर कुणी दाखवावं. ही फुशारकी म्हणा हवं तर, पण खोटी नाही.

मासळीवर कुत्रा राखणीला ठेवतो म्हटलं की लोक हसायचे. पण त्याची एक रीत असते. ती मी बापाकडून उचलली, शाळेतून नाही. शाळेत मी फार टिकलोच नाही. वलांडी म्हणजे बोंबील टांगायचे बांबू. तिच्यावर माल चढवायच्या आधी एक बोंबील पिल्लाच्या नाकाला घासायचा, नाकावर टिचकी मारायची आणि म्हणायचं, "आपला." असा दाखवलेला माल कुत्रा खात नाही आणि कुणाला उचलूही देत नाही. ज्याच्या हातानं चढला त्याच्याच हातानं उतरायचा. दुसऱ्यानं हात घातला तर कुत्रा मनगट तोंडात धरून उभा राहतो, माल खाली पडेपर्यंत. चावत नाही. नुसता धरतो.

मुलानं अलिबागच्या बाजारातून नातीसाठी ससा आणला. पांढरा, लाल डोळ्यांचा, मुठीत मावेल एवढा. नात दुसरीत होती. तिनं तो फ्रॉकच्या घोळात घेतला तो खाली ठेवायलाच तयार होईना. कुत्रा दारातून बघत होता. शेपूट हलत नव्हती.

सून म्हणाली, "बाबा, आधी कुत्र्याचं बघा. यानं सशाला खाल्लं तर पोर अन्नाला शिवायची न्हाय."

"माझा कुत्रा खाईल? त्याच्यापुढं पापलेट ठेव नि खुशाल बाजाराला जा."

मुलगा हसला. "पापलेट पळत न्हाय, बाबा. ससा पळतो. घूस पळाली की हा काय करतो ते बघितलंय ना?"

बघितलं होतं. घुशीला तो मानेत धरतो, एक झटका देतो आणि परत वळून बघतसुद्धा नाही.

मुलानं मोबाईल काढला. दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा, दाराआडून वास घेऊ द्या, कुत्रा बांधून मग हळूहळू समोर आणा, असं बरंच काही त्यात लिहिलं होतं. मी म्हटलं, "त्या मोबाईलवाल्यानं कधी बोंबील राखून घेतलेत काय कुत्र्याकडून?" आणि सगळ्यांच्या समोर शब्द दिला. सशाला नाहीतर पोरीला या कुत्र्याचा दात लागला, तर कुत्रा या दारात दिसणार नाही. सून म्हणाली, "ऐकलंय हां आम्ही." मी म्हटलं, ऐकायलाच सांगितलं.

मग मी माझ्या रीतीनं केलं. जवळ्याच्या सुक्या बारीक कोळंबीत हात घोळवून तो सशाच्या पाठीवरून फिरवला. कातडीखाली त्याचं काळीज इंजिनासारखं धडधडत होतं. कान धरून ससा कुत्र्याच्या नाकाला लावला, टिचकी मारली. "आपला." कुत्र्यानं बराच वेळ वास घेतला. माझ्याकडं बघितलं, सशाकडं बघितलं, आणि पिंजऱ्यापुढं जाऊन बसला. मुलानं मोबाईल खिशात टाकला. मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून कुत्रा वलांडीकडं फिरकेना. पिंजरा पडवीत होता, जुन्या जाळ्याचे तुकडे लावून मीच बनवलेला. कुत्रा पंजांवर तोंड ठेवून त्याच्यासमोर पडलेला असायचा, पण डोळे उघडे. माश्या डोळ्यांवर बसल्या तरी पापणी पाडायचा नाही. वलांडीवर कावळे येऊ लागले, ते मीच दगड मारून हाकलायचो. ससा मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसे, आणि मधूनच मागचे पाय फळीवर आपटी. धप्. पुन्हा धप्. आत चुलीपाशी ऐकू जायचं. सून हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघायची. मी दुसरीकडं बघायचो.

शेजारची म्हातारी मासे विकून परतताना पाटी टेकवून उभी राहिली. "नाखवा, हा राखतोय का वाट बघतोय?"

"राखतोय."

"मंग ससा का थरथरतोय?"

"वारा हाय."

तिनं किनाऱ्याकडं बघितलं. होड्यांवरचे बावटे काठीला चिकटून लोंबत होते. तिनं पाटी डोक्यावर घेतली.

कोथिंबीर, गाजराचा पाला, पाणी, सगळं मीच घालायचो. पोरगी जवळ आली की कुत्र्याच्या गळ्यातून घरघर निघे, बारीक, लांबवर बोट चालू व्हावी तशी. पोरगी म्हणायची, "आजोबा, हा माझ्याशी बोलतो." मी म्हटलं, "व्हय, बोलतो."

एका दुपारी मी ओट्यावर जाळं सांधत होतो. ओहोटी लागली होती. पिंजऱ्याची कडी वाजली. मान वळवली तेव्हा पोरीनं ससा छातीशी धरला होता आणि तिचं दुसरं मनगट कुत्र्याच्या तोंडात होतं.

"सोड!" मी ओरडलो. कुत्र्याचे कान हलले. त्यानं सोडलं नाही.

"बाय, ससा खाली ठेव."

"न्हाय. माझा हाय."

"ठेव म्हणतो ना!"

"माझा हाय, आजोबा!" तिचे ओठ पांढरे पडले होते, पण हात सैल होईना. हट्ट आमच्याच घरचा. ती ओढायला लागली, तसे कुत्र्याचे दात थोडे रुतले. आता तिनं आणखी ओढलं असतं तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. सून आतून धावत आली ती दारातच थिजली.

मी उठलो. धावलो नाही, धावणाऱ्या माणसावर हा कुत्रा झेप घेतो. चालत गेलो आणि पोरीच्या छातीवरचा ससा माझ्या हातानं उचलला. कुत्र्यानं लगेच तोंड उघडलं. ससा मी पिंजऱ्यात ठेवला, कडी लावली. कुत्रा पुन्हा त्याच्या जागी बसला आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघायला लागला.

रक्त नव्हतं. मनगटावर दातांची लाल कांकणं उठली होती. सुनेनं पोरीला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं. भर दुपारी आमचं दार कधी लागत नाही.

मी अजूनही म्हणतो, कुत्रा चुकला नाही. शिकवलं तेच त्यानं केलं. पण शब्द म्हणजे शब्द. त्याच उन्हात मी त्याला खाडीपलीकडं माझ्या मावसभावाच्या मासळी वाळवायच्या खळ्यावर नेला. तिथं वलांड्या भरलेल्या होत्या. एक बोंबील घेऊन भावाच्या हातात दिला, म्हटलं, तू घास, तू टिचकी मार. तो "आपला" म्हणाला. कुत्रा वलांडीखाली जाऊन बसला. मी निघालो तेव्हा त्यानं मान वळवली नाही.

घरी आलो तर दार उघडं होतं. पोरगी पिंजऱ्यापुढं बसली होती, मनगटाला हळद लावलेली. ससा पहिल्यांदाच पुढं येऊन जाळीला नाक लावत होता. तिनं हात कडीपर्यंत नेला आणि माझ्याकडं बघून थांबली.

"आजोबा, उचलू?"

"उचल की. तुझाच हाय."

तिनं हात मागं घेतला. "न्हाय. ज्यानं ठेवला त्यानंच काढायचा," ती म्हणाली.