लोनीबाईचं रडं

थिएटरच्या मागच्या जिन्यात दोन पुरुष हातघाईवर आले होते. खाली लोनीबाई शेगडीवर चेस्टनट भाजत होती आणि ऐकत होती.

"माझ्या सिंफनीला भाडोत्री रडणं नको! माझे सूर दगडालाही रडवतील," संगीतकार लोबमायर गरजले.

"दगड तिकीट काढत नाहीत, साहेब," भाड्याने टाळ्या पिटणाऱ्यांचा मुकादम त्स्विकल म्हणाला. "एकीने रुमाल काढला की दहाजणी काढतात. कुणीच नाही काढला, तर लोक खोकत बसतात."

लोबमायर हळूच म्हणाले, "बरं. पण फक्त संथ भागात हं."

मुकादमाची नजर लोनीबाईवर गेली. धुराने तिचे डोळे घळाघळा वाहत होते.

"ए बाई, असं नेहमी जमेल का?"

तेव्हा व्हिएन्नात टाळ्या पिटणारे पैशाला पासरी मिळायचे, रडणारी मात्र शोधून सापडायची नाही. पहिल्या मैफलीला गॅलरीत बसून लोनीबाईने आधी आपल्या मेलेल्या नवऱ्याला आठवून पाहिलं. डोळा ओला होईल तर शपथ! मग संत मार्टिनच्या सणाच्या जेवणासाठी पोसलेलं आणि सणाच्या आदल्याच दिवशी चोरीला गेलेलं बदक आठवलं, अन् बांध फुटला. गॅलरीभर हुंदके पसरले. लोबमायरांनी नंतर तिचा हात हातात घेतला. "तुमच्यासारख्या साध्या जिवांसाठीच तर लिहितो मी," म्हणाले. सगळं ठरवून झालेलं, तरी त्यांना ते खरं वाटलं, बिचाऱ्यांना.

पण वर्षानुवर्षं गॅलरीत बसायचं म्हणजे कानावर पडणारच की. आधी लोनीबाई जांभया देत ऐके, मग सवयीने, आणि मग एक दिवस तिला कळलं की संथ भागात लांबून तुतारी येते तेव्हा आपला श्वास अडकतो. त्या दिवसापासून बदक काही आठवेना.

मैफल सुटली की मुकादम जिन्यावर रुमाल चाचपून बघे.

"लोनीबाई, हा तर इस्त्रीचा!"

"अहो मुकादम, ऐकत बसले आणि रडायचं राहूनच गेलं."

"ऐकायला लोक तिकीट काढतात. तुम्हाला रडायला बसवलंय. पुढच्या वेळी कोरडा निघाला, तर तुमच्या जागी शेजारची रेगिना बसेल."

तिकीट काढायची लोनीबाईची ऐपत नव्हती. जागा गेली की संगीतही गेलं. मग तिने काय करावं? पुढच्या मैफलीला लोकरीचे दोन बोळे नेले, आणि संथ भाग सुरू होताच कानात कोंबले. सिंफनीचे चार भाग. तीन ऐकायचे, आणि जीव ज्याच्यावर, तोच सोडायचा.

आता बदक आठवायचं, असं ठरवून ती बसली. खाली व्हायोलिनवाल्यांचे हात हलत होते, तुतारीवाल्याचे गाल फुगले होते, आणि हिला टिपूसभर सूर नाही! बदकापाशी जायच्या आतच ती ढसाढसा रडू लागली.

"याला म्हणतात काम!" मुकादमाने रुमाल पिळत शाबासकी दिली. लोबमायरांनी तर व्यासपीठावरून थेट तिच्याकडे बघून मान लववली होती.

तेव्हापासून लोनीबाईचा रुमाल कधी कोरडा निघाला नाही.

शेवटच्या हिवाळ्यात तिचे पाय सुजले, खोकला छातीत बसला. रेगिना म्हणाली, "अगं, आज राहू दे. मी जाते तुझ्या जागी."

"मग जागा सोडशील होय परत? चल, बाजूला हो."

कठडा धरधरून ती गॅलरीत चढली. पहिला भाग तिने डोळे मिटून, शेवटच्या सुरापर्यंत ऐकला. खाली संथ भागाची पानं उलटली गेली. लोनीबाईने दोन्ही कानांत बोळे नीट दाबले आणि रुमाल काढला.