एक माणूस वाढवा, स्वस्त पडतंय

चष्मा कपाळावर ढकलून, समोरच्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून आक्का पहिला प्रश्न विचारायच्या. कुठल्याही तिकीटवाल्याचा पहिला प्रश्न "कुठं जायचंय?" असा असतो. आक्कांचा वेगळा होता.

"आन् कोण राहिलं?"

माणूस गोंधळायचा. अजून त्याने गावाचं नावही सांगितलेलं नसायचं. मग तो बोटांवर घरातली माणसं मोजायला लागायचा आणि हटकून एखादी विधवा आत्या, एखादा न बोलणारा मेहुणा मोजायचा राहायचा. आक्का लगेच म्हणायच्या, "घ्या की त्यास्नीबी. एक माणूस वाढवा, स्वस्त पडतंय."

कोल्हापूर स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यातला अर्धा काउंटर मी आक्कांना रेल्वे तिकिटांच्या कामासाठी दिला होता. मुळात मी गर्दीला वैतागणारा माणूस. आधार कार्डाची घडी घालून आणणारं गिऱ्हाईक आलं की माझं डोकं फिरतं. त्यात आक्कांकडे येणारं गिऱ्हाईक कधी एकटं यायचंच नाही. सासू, सून, दोन पोरं, पोरांच्या हातात वडापाव, आणि वडापावचं तेल माझ्या काचेवर. मी कुरकुरलो की आक्का म्हणायच्या, "अवो झेरॉक्सवाले, माणसं हायत ती. पुसून घ्या काच."

तुम्ही म्हणाल, आता मोबाइलवर कुणीही तिकीट काढतं, मग आक्कांकडे कशाला यायचं? एकट्याचं तिकीट मोबाइल काढून देतो हो. पण वीस-बावीस माणसांचं घर निघालं की मोबाइल हातात धरून घरातला हुशार पोरगा घामाघूम होतो. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. मग कुणाला कुणाबरोबर घालायचं, यावरून तिकीट निघायच्या आधी भांडण निघतं. आक्का हे सगळं अंगावर घ्यायच्या. तिरुपती, रामेश्वर करून येणाऱ्यांना त्या तुकड्यातुकड्यांची तिकिटं काढू द्यायच्या नाहीत. कोल्हापुरातून निघून, फिरून पुन्हा कोल्हापुरात येणारं एकच लांब तिकीट रेल्वे देते आणि ते बऱ्यापैकी स्वस्त पडतं. त्यासाठी अर्ज घेऊन त्या स्वतः रेल्वेच्या ऑफिसात जाऊन बसायच्या.

खोटं मात्र चालायचं नाही. पाचाच्या आतल्या पोराला तिकीट लागत नाही, म्हणून एका बाईंनी पोराचं वय साडेचार सांगितलं. आक्कांनी पोरालाच विचारलं, "बाळा, कितवीला हाईस?"

"दुसरी ब!" पोरगं छाती काढून म्हणालं.

"साडेचार वर्सांचा आन् दुसरीत? लई हुशार हाय की!" आक्का म्हणाल्या, आणि मग त्यांनीच बर्थ न घेता अर्ध्या तिकिटाचा हिशेब काढून दिला. त्या बाई पुढच्या वर्षी नणंदेलाही घेऊन आल्या.

एकदा मी आक्कांना धरलं. म्हटलं, "आक्का, माणूस वाढला म्हणून रेल्वे एक रुपया कमी करत नाही. तुम्ही लोकांना सरळ सरळ फसवताय."

"मी कुठं रेल्वेचं नाव घेतलं?" आक्का म्हणाल्या. "डबा एकातच व्हतोय, स्टेशनपतूर टेम्पो एकच लागतोय, पोरं ह्याच्या न्हाईतर त्याच्या मांडीवर झोपत्यात. स्वस्त न्हाय व्हय मग?"

आक्कांपुढे बोलून जिंकलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

एका दुपारी राजारामपुरीतलं एक जोडपं आलं. मुलीचं लग्न नागपूरला, मुलाच्या गावी होतं. नवऱ्याने खिशातून कागद काढून नावं वाचली. आक्कांनी चष्मा वर ढकलला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"कोण न्हाय राहिलं," बायको जरा घाईनेच म्हणाली.

"मुलीचा मामा दिसंना ह्यात."

नवरा माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. बायको म्हणाली, "तिला मामा न्हाय."

मामा होता. शिरोळकडे ऊस पिकवत होता, धडधाकट होता. वडील गेल्यावर त्याने दोघी बहिणींना जमिनीवरचा हक्क सोडून सही द्यायला सांगितलं. थोरलीने दिली, धाकटीने, म्हणजे याच बाईंनी, दिली नाही. तेव्हापासून येणं-जाणं बंद, भाऊबीज बंद. हे पुढे कळलं. त्या दिवशी आक्कांनी निमूट तिकिटं काढली, पण नंतर माझ्यावरच खेकसत राहिल्या. "मामा न्हाय म्हणं. मग पोरीला बोहल्यावर कोण आणणार? तुम्ही?"

मी म्हटलं, मला का ओरडताय?

काही दिवसांनी थोरली बहीण एकटीच आली. पायरीखाली चप्पल काढून आत आली आणि म्हणाली, "माझं नागपूरचं रद्द करा. गुडघं दुखत्यात."

"कवापासनं?"

"तिकीट काढल्यापासनं," थोरली म्हणाली, आणि मग तिच्याने राहवलं नाही. "जिथं माझ्या भावाला बोलावणं न्हाय, तिथं म्या जाऊन काय करू?"

आक्कांनी तिला बसवलं, चहा मागवला. मग सावकाश सांगायला लागल्या. तिकीट रद्द केलं तर पैसे कापून मिळतात. पण गाडीच्या आदल्या दिवसापर्यंत अर्ज दिला, तर तेच तिकीट घरच्या माणसाच्या नावावर करता येतं. आईबाप, नवरा, मुलं आणि सख्खी भावंडं, एवढ्यांनाच. थोरलीचे आईवडील गेले होते, नवराही नव्हता. मुलांची तिकिटं वऱ्हाडाबरोबर आधीच निघाली होती आणि धाकटी तर नवरीची आईच.

"मग ऱ्हातंय कोण?" थोरलीने विचारलं.

"तुम्हीच बगा की."

थोरलीने चहाचा कप खाली ठेवला. आल्यापासून पहिल्यांदाच ती हसली. "म्हंजे स्वस्त पडतंय म्हणा की."

आक्कांनी तिच्याकडून नंबर घेतला आणि माझ्यासमोर फोन लावला. "मी तिकीटवाली आक्का बोलतोय. तुमच्या थोरल्या भनीचं तिकीट वाया चाललंय. कायद्यानं तुमच्याबिगर कुणाला बसता येत न्हाय. काय करू?"

पलीकडचा ट्रॅक्टर बंद झाला. मग प्रश्न आला, "खालचा बर्थ हाय का?"

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे माणूस चुकलो म्हणणार नाही, ये म्हणणार नाही, येतो तर अजिबात म्हणणार नाही. पण तिकीट वाया जातंय म्हटलं की त्याला एक सोयीस्कर वाट मिळते. आक्कांचा सगळा धंदा त्या वाटेवर चालायचा, हे मला त्या दिवशी उमगलं.

धाकटी मात्र संतापून दुकानात आली. "कुणाला इचारून केलंसा? जाऊ दे की वाया!"

"माझ्या हातनं तिकीट वाया जात न्हाय बाई," आक्का म्हणाल्या.

धाकटी आवाज खाली आणून म्हणाली, "त्यो व्हय म्हणाला?"

"खालचा बर्थ मागितलाय."

"पाठ दुखतीया त्याची," धाकटी म्हणाली आणि तोंड फिरवून पायऱ्या उतरून गेली.

लग्नाच्या दिवशी आक्कांनी थोरलीला दुकानात बोलावून घेतलं. एकटीने घरात बसून बघायचं नाही म्हणाल्या. नागपूरला व्हिडिओ कॉल लावून माझ्या काउंटरवर मोबाइल उभा केला. मामा भाचीला हात धरून मांडवात घेऊन आला तेव्हा दोघी उभ्या राहिल्या आणि मोबाइलवर अक्षता टाकू लागल्या. माझ्या मशीनच्या ट्रेमध्ये तांदूळ गेले, दोन दिवस प्रत्येक प्रत वाकडी निघत होती. पण त्या वेळी मीही मूठभर टाकल्या होत्या, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

आक्का गेल्याला आता वर्ष होत आलं. ताप आला म्हणून दोन दिवस आल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी निरोपच आला. मी त्यांच्या जागेवर लॅमिनेशनचं मशीन आणून ठेवलं. धंदा आहे, जागा रिकामी ठेवून चालत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

गेल्या महिन्यात एक स्कूटर दुकानासमोर थांबली. चालवणारा उन्हाने रापलेला उंच माणूस होता. त्याला मी ओळखलं नाही, पण मागे बसलेल्या धाकटीला ओळखलं. ती म्हणाली, "ह्यो माझा दादा. आक्का कुठं हायत?"

मी सांगितलं.

दादा स्टुलावर बसला. गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "त्यास्नी एक सांगायचं राहिलंतं, म्हणून मुद्दाम आलतो."

"काय रं?" धाकटीने विचारलं.

"त्यांचा फोन आला, त्याच्या आधीच मी नागपूरचं तिकीट काढलंतं. त्याच गाडीचं, येटिंगचं. न्हाई मिळालं तर जनरलात हुबा राहून जाणार हुतो. भाचीचं लगीन हाय, बोलावणं कशाला लागतंय?"

धाकटी उसळली. "मग तवाच का न्हाई सांगितलंस? ताईला फुकटची घरात बसवलीस की रं!"

"आक्का एवढ्या खटपटीनं जुळवत हुत्या. त्यास्नी कसं सांगू, मी निघालोच हाय म्हणून?" तो माझ्याकडे वळला. "म्हटलं, परत आल्यावर निवांत सांगू. हसतील. ऊस, पाणी, ह्ये-त्ये, ऱ्हाऊनच गेलं."

धाकटीने त्याच्या दंडावर एक फटका मारला. मग तोच दंड दोन्ही हातांनी धरून, माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, ती मोठ्याने रडायला लागली. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून "अगं उगी, उगी की," एवढंच म्हणत होता.

मी लॅमिनेशनचं मशीन उचलून खाली ठेवलं, काउंटर पुसला आणि चहा सांगितला. पोऱ्या चहा ठेवून गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आम्ही तिघंच होतो आणि मी चार सांगितले होते.