मिशीवाल्याला मुलगी कोण देणार?

मागच्या रविवारी गडचांदूरला मुलगी बघायला गेलो होतो. दारात चपला काढतोय तोच आतून एक बाई ओरडल्या... "अवो, हा तं पोरीले विहिरीत ढकलणारा!"

आई जागीच थांबली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खरंच कुणाला ढकलून आलोय.

खुलासा करतो. मी नोकरीला ऊर्जानगरात, पण गाव ब्रह्मपुरीजवळ. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तेव्हा नाटक होतं आणि गेली काही वर्षं त्यात व्हिलन मीच. अभिनयामुळे नाही हो... मिशी पार गालापर्यंत जाते म्हणून!

आमचे डायरेक्टर तोंडावर सांगतात, "हिरो गुळगुळीतच पाहिजे. तुहं तोंड पाह्यलं का लोकायले पुढचं सांगाच लागत नाई." पांढरी दाढी आली की मुलीचा बाप, टोकदार दाढी आली की कपटी दिवाणजी... आणि माझी मिशी स्टेजवर आली की बायका शिव्या द्यायला मोकळ्या.

तर त्या ओरडणाऱ्या बाई म्हणजे मुलीची मावशी. त्यांचं सासर आमच्या शेजारच्या गावात. यंदा मंडईला भाची त्यांच्याकडे आली होती आणि दोघींनी आमचं नाटक पाहिलं होतं.

पोहे आले, पण मावशींची नजर काही माझ्यावरून हटेना. "असा मिशीवाला... पोरगी द्याची म्हणजे..." हे त्या मुलीच्या वडिलांच्या कानात बोलल्या, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

निघताना आईने दहादा सांगितलं होतं, काढून टाक ती मिशी. मी ऐकलं नाही. मला तर फोटो पाहिल्यापासूनच पल्लवी आवडली होती.

तेवढ्यात पल्लवीच बोलली. "मावशी, हिरो मधात डायलॉग विसरला होता. तुले दिसलं नाई काय?"

मावशींची नजर पहिल्यांदाच माझ्यावरून हटून तिच्याकडे वळली.

"सारे यायले शिव्या देऊन राह्यले होते. त्या गोंधळात हिरोले प्रॉम्प्टर काही ऐकूच येत नव्हता. मंग यायनंच हळूच सांगितलं त्याले. बोलाची पाळी हिरोची, अन् हालून राह्यली होती यायची मिशी!"

खरं होतं ते. सीन असा होता की हिरो मला धमकी देतो आणि वर कानाखाली वाजवतो. ती धमकी मीच त्याला शब्द न् शब्द पुरवली... आणि मग मारही खाल्ला. आमच्या मंडळातसुद्धा हे फार कुणाला कळलं नव्हतं.

मावशी आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून जे हसत सुटल्या... "अवो, यायले पोहे वाढा ना अजून!"

नंतर अंगणात दोघांनाच बोलायला पाठवलं. मी विचारलं, "मिशी काढू का?"

"काऊन? नाटक सोडून राह्यले काय?"

"नाही."

"मंग राहू द्या."

साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे... मिशीसकट! इतकी वर्षं लोकांनी मला मनापासून शिव्या दिल्या, आणि खरं सांगतो, व्हिलनला त्याच टाळ्या वाटतात. पण त्या सगळ्या आरडाओरड्यात कुणीतरी आपल्याकडे इतकं नीट बघत होतं, हे कळल्यावर काय वाटतं ते मला अजून सांगता येत नाहीये... थँक्यू, पल्लवी.