वृंदाताईंचं पुढचं संयुग

वृंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंजौरहून चंडीगडला येणाऱ्या बसमध्ये होते. "ताई सकाळी गेली," त्यांचा भाऊ एवढंच बोलला. मी त्यांच्या घरी जायच्या आधी आमच्या प्रयोगशाळेत गेले. का, ते अजूनही सांगता येत नाही...

हत्तीरोगावर नवं औषध घडवणं हे ताईंचं आयुष्यभराचं काम. मी त्यांच्याकडे पीएचडीला आले. त्या चंद्रपूरकडच्या, मी सोलापूरची. चंडीगडच्या त्या प्रयोगशाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून चंबू फुटला आणि चार दिवसांची मेहनत फरशीवर सांडली. मी रडत काचा वेचत होते. "रडून काऊन राहिली? आधी हातमोजे घाल. उद्या पुन्हा लाव," म्हणाल्या, आणि स्वतः झाडू घेऊन आल्या.

हत्तीरोगच का, हे त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या आईचा पाय सुजत सुजत एवढा झाला की ती स्वतःच्या मुलीच्या लग्नातही आतल्या खोलीत बसून राहिली. "गोळ्या मिळत होत्या. पण त्यानं रक्तातली पिल्लंच मरतात, मोठे कृमी पुष्कळदा तगून राहतात. मले ते मोठे मारायचे आहेत."

आणि एका संयुगाने ते काचेच्या बशीत मारलेही! माझी पीएचडी त्याच संयुगावर होती. मग उंदरांवरचे अहवाल आले. यकृत निकामी होत होतं. मी हादरले. "ताई, निदान कृमी मेल्याचा पहिला भाग छापू या. यकृताचं नंतर पाहू," मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "अन् दुसऱ्या कोण्या पोरीनं हेच बनवण्यात पाच वर्षं घातली तर?" लेख छापला, तो यकृतासकट. मी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी राग धरला नाही. दर रविवारी डबा घेऊन यायच्या, आणि ते संयुग यकृताला का बाधतं, हे शोधायला माझ्या शेजारी बसायच्या. तेच माझ्या प्रबंधाचं सगळ्यात भक्कम प्रकरण ठरलं. पदवी वर्षभर उशिरा मिळाली, पण ताठ मानेने मिळाली. पुढे मी त्यांच्याच गटात राहिले.

नंतर त्यांना कर्करोग झाला. केमोनंतर उभं राहवत नसे, तर त्या स्टुलावर बसून त्याच संयुगाच्या रेणूची नवी रूपं कागदावर काढत. एकदा मी म्हटलं, "घरी आराम करा ना." तर म्हणाल्या, "घरी काय करू? तू हात चालव, मी डोकं चालवते." रेणूचं एक टोक बदललं, मग दुसरं. नव्या मालिकेत यकृत शाबूत राहू लागलं. पण कृमी मरत नव्हते.

रोज घरी निघण्यापूर्वी उद्याच्या संयुगाची आकृती वहीच्या कोऱ्या पानावर काढून ठेवायची, ही त्यांची सवय. फोन आला त्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन मी त्यांची वही उघडली. त्यांनी वापरलेल्या शेवटच्या पानावर थरथरत्या रेघांची आकृती होती, खाली सगळं पान रिकामं. अंत्यसंस्कारानंतर तिसऱ्या दिवशी मी ते संयुग करायला घेतलं. दोनदा बिघडलं. परवा चंबूच्या तळाशी पांढरे स्फटिक दिसले... काल ते चाचणीला पाठवले. काय होईल ते होईल. घरी निघताना मी त्याच वहीचं पान उलटलं आणि पुढच्या संयुगाची आकृती काढली.